शिकवलेला खेळाडू

"पण परवडतं का, एवढंच सांगा."

केतकीने मोबाइल उस्तादांपुढे धरला. पडद्यावर आकड्यांचे रकाने होते.

रऊफ उस्तादांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ते चटईवर बसून गुलाबाच्या पाकळ्या निवडत होते. ताज्या एका टोपलीत, कोमेजलेल्या दुसऱ्या.

"काय परवडतं?"

"खेळाडू शिकवणं. मघापासून तेच विचारतेय."

"मघापासून तू उभी आहेस," उस्ताद म्हणाले. "बस आधी."

ती बसली. उजवा पाय सरळ लांब करून बसली. तो पूर्ण दुमडत नसे.

कामठीच्या बाहेर, कन्हान नदीच्या अंगाला एक टेकाड आहे. टेकाडावर लहानसा दर्गा आणि चिंचेचं एक झाड. खाली मैदान. त्या मैदानावर रऊफ उस्तादांनी उभी हयात पोरांना फुटबॉल शिकवला. पुढे खुबा दुखायला लागला, मैदान सुटलं, आणि ते वर येऊन दर्ग्याची झाडलोट पाहू लागले. लोक नवस बोलायला पिराकडे येत आणि प्रश्न विचारायला उस्तादांकडे. उस्ताद फारसं बोलत नसत. कदाचित म्हणूनच येत असतील.

केतकी बोकारे त्यांची विद्यार्थिनी. शाळेत असताना पहाटे सायकल हाणत मैदानावर यायची. सगळ्या मुलांत एकटी मुलगी. उस्ताद तिच्यावर जितका वेळ घालवतात तितका आमच्यावर घालवत नाहीत, अशी बाकीच्यांची कुरकुर असे, आणि ती खरी होती. बाकीचे घरी गेले तरी हे दोघं उन्हं चढेपर्यंत मैदानात दिसायचे.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. पहिल्याच अर्ध्या डावात, कुणाचा धक्का न लागता, वळताना तिचा गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. ती फसली म्हणून दुसरी झाली. तिथे खेळ संपला.

केतकी पुण्याला गेली, संख्याशास्त्र शिकली आणि एका विमा कंपनीत जोखमीचे हिशोब मांडू लागली. हुशार होती, भराभर वर चढली. सुट्टीत आईवडिलांकडे नागपूरला येई. कामठी तिथून हाकेच्या अंतरावर. ती आली नाही.

फुटबॉल मात्र दुसऱ्या वाटेने तिच्याकडे परत आला. इंटरनेटवर एक खेळ असतो. त्यात मैदानात उतरायचं नसतं. आपण संघाचे मॅनेजर. खेळाडू खरे नसतात, त्यांची नावंसुद्धा संगणकच ठेवतो. तयार खेळाडू विकत घ्या आणि भाव आला की विका, किंवा कोवळी पोरं घेऊन त्यांना शिकवा. शिकवण्याचं काम फार संथ. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पोराच्या नावापुढची एक पट्टी केसभर पुढे सरकते. कधी कधी तीही सरकत नाही.

केतकीने त्यात कधीच कुणाला शिकवलं नाही. तयार माल घ्यायचा आणि उतरायच्या आत विकायचा, हे तिचं सूत्र. तिचा 'सातपुडा' संघ विदर्भाच्या साखळीत पहिला होता आणि दरवर्षी पहिलाच असे. लोक तिला संदेश पाठवून सल्ले विचारत. ती उत्तरं देई, आणि ती उत्तरं थोडी तुसडी असत.

त्याच साखळीत मधल्या नंबरांवर 'कन्हान' नावाचा एक संघ होता. तो कधीच कुणाला विकत घेत नसे. त्यांचा दिलावर टोप्पो नावाचा एक हाफबॅक केतकीला हवा होता. तिने भाव दिला. एका शब्दात उत्तर आलं: नाही. तिने भाव वाढवला. पुन्हा नाही. मग मागच्या महिन्यात त्या मॅनेजरचा आपणहून संदेश आला.

"केतकी, गुडघा कसा आहे बेटा?"

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, हातात चमचा तसाच धरून, तिने ते वाचलं. त्या मॅनेजरचं नाव 'रऊफ' आहे हे ती इतके दिवस पाहत होती. पाहूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं. उस्तादांनी मात्र 'सातपुडा'पुढचं तिचं नाव ओळखलं होतं.

तिने उत्तर दिलं नाही. दिवाळीला नागपूरला आली तेव्हा मात्र एका दुपारी वडिलांची स्कूटर काढली. फक्त खेळाबद्दल बोलायचं, असं तिने रस्त्यात ठरवून टाकलं होतं.

"हं, सांग आता," उस्ताद म्हणाले.

"हे बघा. सतरा वर्षांचा पोरगा घेतला. त्याचा पगार, शिकवणाऱ्याचा पगार. तो तयार होईपर्यंत तुमच्या संघात उभा राहून नुसत्या चुका करणार. तुम्ही मॅच हरणार. मध्येच दुखापत झाली तर सगळं पाण्यात."

"हं."

"आणि तयार झालाच, तर लगेच वय उतरायला लागतं. तुम्ही शिकवता किती काळ, आणि तो खेळतो किती काळ?"

"हं."

"तेवढ्या वेळात मी कितीतरी तयार खेळाडू घेते, खेळवते, विकते. कुणावर अडकून राहत नाही. म्हणजे शिकवण्यात तोटा आहे. मी सगळ्या बाजूंनी तपासलंय, उस्ताद. प्रत्येक वेळी तोटा."

उस्तादांनी टोपली बाजूला सरकवली.

"बरोबर आहे."

"काय?"

"नाही परवडत."

...

केतकी वाद घालायच्या तयारीने आली होती. स्कूटरवर बसल्याबसल्या उस्तादांची उत्तरं तिने आपणच रचली होती आणि आपणच खोडली होती. धीराबद्दल काहीतरी म्हणतील. मातीबद्दल म्हणतील. झाडाबद्दल तर नक्कीच म्हणतील.

यातलं काहीच आलं नाही.

"मग तुम्ही का शिकवता?"

"तू परवडतं का ते विचारलंस," उस्ताद म्हणाले. "चहा पिशील?"

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. खुब्यात कळ आली असावी, कारण क्षणभर तसेच वाकून राहिले. भिंतीला लागून पत्र्याचा आडोसा होता, तिथे शेगडी होती. त्यांनी चहा ठेवला. एक बकरी आली आणि कोमेजलेल्या पाकळ्यांच्या टोपलीत तोंड घालून निवांत खाऊ लागली. उस्तादांनी तिला हाकललं नाही.

केतकीने चटईवर पडलेला त्यांचा फोन पाहिला. एका कोपऱ्यात काच तडकली होती.

"तुम्हाला हा नाद लागला कसा?"

"शकूर आठवतो का? गोलकीपर. तुझ्या दोन इयत्ता पुढे."

"आठवतो ना. पेनल्टीला डोळे मिटायचा."

"तोच. मस्कतला असतो आता. मैदान सुटलं हे त्याला कळलं, तर त्यानं हा फोन पाठवला. म्हणाला, उस्ताद, आता बसल्या जागी शिकवा."

"आणि तुम्ही शिकवायला लागलात."

"दुसरं काय येतं मला?"

उस्तादांनी चहा गाळला. एक कप तिच्या हातात दिला.

"गुरुवारी इथे गर्दी असते ना?" केतकीने विचारलं. "आणि ट्रेनिंगसुद्धा गुरुवारीच होतं."

"हो ना. पंचाईतच आहे. बाया म्हणतात, उस्ताद, लेकरू झोपत नाही, फुंकर घाला. मी म्हणतो, जरा थांबा माय, माझ्या पोरांचं पाहून येतो."

केतकी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"चारला आपल्या दोघांची मॅच आहे," उस्ताद म्हणाले. "माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. बाकी सगळे दिवस सोडून आजचाच दिवस तिने का धरला, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पाहू या इथेच," ती म्हणाली.

चार वाजले. दोघं चिंचेच्या सावलीत, आपापला फोन पुढे ठेवून बसले. या खेळात चित्र दिसत नाही. मैदानात काय चाललंय ते एकेक ओळ करून पडद्यावर येतं. अमक्याने चेंडू घेतला. अमक्याने पुढे ढकलला. अडवला. बाहेर गेला.

केतकी मागे रेलून पाहत होती. उस्ताद फोनवर ओणवे होऊन, ओठ हलवत एकेक ओळ वाचत होते. वाचताना मध्येच त्यांचा पाय जमिनीवर हलायचा, जणू चेंडू त्यांच्याच पायाशी आलाय.

पहिला गोल सातपुड्याचा झाला.

थोड्या वेळाने दुसराही.

"वा," उस्ताद म्हणाले. "कोणी मारला?"

केतकीने पुढे वाकून पडद्यावर नाव शोधलं.

"हा... कुणी रोझारिओ आहे. नऊ नंबर."

"चांगला आहे."

"हो. परवाच घेतला."

"आणि पहिला कोणी मारला?"

तिला पडदा वर सरकवावा लागला. उस्ताद थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर खोचकपणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

तिसरा गोलही सातपुड्यानेच केला. सामना संपत आला तेव्हा उस्तादांनी एक बदल केला. बिसेन नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला आत घातलं. केतकीने त्याचे आकडे पाहिले. कोणत्याच पट्टीत काही नव्हतं.

"याला आता कशाला?"

"घरी बसून काय करेल?"

शेवटून दुसरी ओळ आली. बिसेनने चेंडू घेतला. मान वर करून पाहिलं. डाव्या बाजूला मोकळ्या उभ्या असलेल्या टोप्पोकडे दिला.

एवढंच. पुढे टोप्पोचा फटका गोलाच्या वरून गेला आणि सामना संपला. तीन-शून्य.

उस्ताद हसत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"पाहिलंस? पाहिलंस का तू? मान वर केली त्यानं!"

"उस्ताद, ती संगणकाने लिहिलेली ओळ आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही हरलात."

"हो, हरलो ना. तू छान खेळवलंस." ते अजून हसतच होते. "पहिल्या दिवसापासून खाली मुंडी घालून मारत होता चेंडू. आज वर पाहिलं."

केतकीने आपल्या फोनकडे पाहिलं. अभिनंदनाची सोनेरी पट्टी सरकत होती. तिने ती अंगठ्याने मिटवली. मग फोन पालथा घातला.

...

बकरी पाकळ्या संपवून चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसली होती. खाली मैदानात कुणी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीचं मैदान, गवत वाढलेलं.

"हा टोप्पो," केतकी म्हणाली. तिला हिशोबाकडे परत जायचं होतं. तिथे पाय टेकत होते. "तेहतिशीचा झालाय. आत्ता तुमच्या समोरच फटका चुकला. दोन हंगामांपूर्वीच विकायला हवा होता. मी भाव देत होते तेव्हा."

"आता घेतेस?"

"आता कोण घेणार त्याला?"

"मग काय करू त्याचं?"

"काढून टाका. पगार तरी वाचेल."

उस्तादांनी मान हलवली, एखादा जाणता डॉक्टर सांगतोय आणि आपण ऐकतोय अशी.

"आणि समज, म्हातारा नाही. तरुण आहे, सगळं अंगात आहे. पण गुडघा गेला. मग?"

"किती गेला?"

"परत खेळणार नाही, इतका."

"तर त्याच दिवशी काढायचा," केतकी म्हणाली. "त्यात थांबायचं नसतं. जितके दिवस ठेवाल तितका..."

ती थांबली.

...

वाऱ्याने चिंचेचा बारीक पाला चटईवर पडत राहिला.

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोर नदीकडे पाहत होते.

बऱ्याच वेळाने तीच बोलली. आवाज बदलला होता. पुण्यात राहून बोलण्यावर चढलेली परीटघडी उतरली होती.

"दवाखान्यात तुम्ही आले होते."

"आलो होतो."

"आई म्हणाली असेल, झोपून आहे म्हणून."

"म्हणाली."

"मी जागी होती."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"पडद्याखालून तुझा पाय दिसत होता. झोपलेल्या माणसाच्या पायाची बोटं अशी आवळलेली नसतात."

केतकीने खाली पाहिलं.

"मग परत काहून नाही आले?"

"आलो ना. पुष्कळदा आलो," उस्ताद म्हणाले. "तू झोपलेलीच असायचीस."

तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मला तुमच्याकडे पाहवलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना सोडून तुम्ही माझ्यामागे राबले. उन्हात उभे राहिले. शकूर होता, ते दोघं जुळे भाऊ होते, तो नदीपलीकडचा उंच पोरगा होता. माझ्यावर घालवला तो वेळ त्यांना दिला असता, तर कुणीतरी पुढे गेलं असतं. कुणीतरी मोठं खेळलं असतं."

"गेलं असतं," उस्ताद म्हणाले. "तो उंच पोरगा तर नक्की."

"आणि मी एक सामनासुद्धा पुरा खेळले नाही तिथे."

"नाही."

"घरी पडून मी हाच हिशोब करायची, उस्ताद. नंतर तोच धंदा झाला माझा. लोकांच्या आयुष्याचे हिशोब मांडते. कुणावर किती जोखीम घ्यावी, कुणाला नाकारावं. कुणीही आलं की सांगते. फक्त एक राहिलं होतं विचारायचं."

ती थांबली.

"मी परवडले का तुम्हाला?"

उस्तादांनी पहिल्यांदा तिच्याकडे वळून पूर्ण पाहिलं. त्यांचे डोळे म्हातारे झाले होते, कडांना निळसर. पण नजर तीच होती, चूक झाल्यावर मैदानाच्या पलीकडून ओळखू यायची ती.

"नाही," ते म्हणाले.

...

केतकी रडली. मोठ्याने नाही. डोळे वाहत राहिले आणि तिने ते पुसले नाहीत.

रडताना तिलाच नवल वाटत होतं. इतकी वर्षं या एका उत्तराच्या भीतीने ती हे टेकाड टाळून गेली होती. कुठे जाताना वाटेत कामठीची पाटी दिसली तरी खिडकीकडे पाठ करून बसली होती. आता ते उत्तर मिळालं होतं. कानाने ऐकून झालं होतं. आणि उस्ताद उठून गेले नव्हते. तिथेच, हातभर अंतरावर बसलेले होते. थंड झालेला चहा पीत होते.

तिने नाक पुसलं.

"दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता."

"खोटं बोललो असतो तर तू उद्यापर्यंत त्यातली चूक काढली असतीस."

ती हसली, आणि हसताना तिला ठसका लागला. उस्तादांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

खालून दोन बाया फुलांच्या पुड्या घेऊन चढून आल्या. उस्तादांना सलाम करून, केतकीकडे एकदा पाहून, आत गेल्या. रडून लाल झालेले डोळे इथे कुणाला नवे नव्हते.

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"ऊठ."

"कुठे?"

"उभी तर राहा."

ती हाताचा आधार घेऊन, डाव्या पायावर भार टाकत उठली. उस्ताद तिच्या उठण्याकडे लक्ष देऊन पाहत होते.

"व्यायाम सोडून किती काळ झाला?"

"कोणता व्यायाम?"

"गुडघ्याचा."

केतकीने ओढणीला लागलेला चिंचेचा पाला झटकला. मग म्हणाली, "कधीच सोडला. पुण्यातले डॉक्टर ओरडतात. म्हणतात, मांडी वाळत चालली, रोज करा. नाहीतर चाळिशीत पुन्हा कापावं लागेल. केलं तर वर्ष-दोन वर्षांनी जिना चढताना थोडा फरक पडेल म्हणे."

"मग?"

"थोडाच फरक, उस्ताद. आणि त्याच्यासाठी रोज. कायम. तेवढं करूनही मी काही धावणार नाही, खेळणार तर नाहीच."

"नाही," उस्ताद म्हणाले. "खेळणार नाहीस."

"तेच म्हणते ना. मग एवढं करून..."

उस्ताद वाट पाहत होते.



त्यांनी काठी घेतली आणि खुब्याला सांभाळत दर्ग्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले. ती मागे गेली. दगडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. उस्ताद वरच्या पायरीवर सावलीच्या बाजूला बसले आणि काठीने खालची पायरी दाखवली.

"तिच्यावर उभी राहा. चपला काढून."

"आत्ता?"

"पाय कडेला आण. डावा उचल. उजव्यावर हळूहळू खाली बस, डाव्याची टाच खालच्या पायरीला लागेपर्यंत. आदळायचं नाही. मग त्याच उजव्यावर वर ये."

"उस्ताद, लोक येताहेत."

"येऊ दे."

तिने दिवाळीचा नवा कुडता वर खोचला. चपला काढल्या. दगड उन्हाने तापलेला होता. समोर खाली सगळं मैदान पसरलेलं, त्यापलीकडे नदीची रेती आणि बारीक पाणी.

तिने डावा पाय उचलला.

गुडघा लगेच थरथरला. तिला तो थरथरताना दिसत होता, कापडातूनसुद्धा. तिने दात आवळले आणि खाली जाऊ लागली. निम्म्यापर्यंत नीट गेली. पुढे मांडीतला जोर संपला, तोल गेला आणि डावी टाच खालच्या पायरीवर धाडकन आदळली. तिने भिंतीला धरलं.

दर्ग्यातून बाहेर येणाऱ्या त्या दोन बाया दारातच थांबल्या. त्यांतली एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मग दोघी पायऱ्यांच्या दुसऱ्या कडेने, तिला जागा सोडून, उतरून गेल्या.

केतकीच्या कपाळावर घाम आला होता. ती वळून उस्तादांकडे पाहू लागली. एवढ्याशा गोष्टीने तिचा श्वास वाढला होता आणि का कोण जाणे, ती हसत होती.

"वाळलीय खरंच," ती म्हणाली. "पार गेलीय."

उस्ताद तिच्या गुडघ्याकडे पाहत होते. काठी मांडीवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर.

"यानं काय होणार, उस्ताद?"

...

"पुन्हा," उस्ताद म्हणाले.